पाणी आलं की तू अडकतोस

मी नांदेडला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. साऱ्या मराठवाड्यातली पोरं शिकायला लातूरला जातात आणि मी लातूरचा असून शिकवायला नांदेडला आलो, यावरून स्टाफरूममध्ये माझी पुष्कळ थट्टा झालेली आहे. आई मात्र लातूरलाच राहिली. वडील गेल्यावर मी तिला म्हणालो, इकडे चल. तर म्हणाली, "तिथं येऊन काय करू? भिंती मोजू?" औशाकडच्या खेड्यांत जन्मभर पोरांना बाराखडी शिकवून निवृत्त झालेली बाई ती. गल्ली तिला अजून बाईच म्हणते. बाईंना कुणी काही सांगितलेलं चालत नाही, त्यातून मुलानं सांगितलेलं तर नाहीच नाही.

तिचे कान एकदम गेले नाहीत. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दारावरची बेल गेली, मग फोनवरचे नातेवाईक गेले. कानाचं मशीन आणून दिलं, तर ते कानात शिट्टी मारतं म्हणून कपाटात चांदीच्या वाट्यांशेजारी जाऊन बसलं. पण समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायला लागली. हे तिला कुणी शिकवलं नाही. विचारलं तर म्हणायची, "उभा जन्म पोरांची तोंडं बघितली मी. वही घरी राहिली म्हणणारं पोरगं तोंड उघडायच्या आधी कळायचं मला."

तेव्हा साधा फोन तिच्या काही कामाचा राहिला नाही. व्हिडिओ कॉल मात्र कामाचा होता, कारण त्यात माझं तोंड दिसायचं. म्हणून मी तिच्या घरी फायबरचं कनेक्शन घेऊन दिलं आणि रोज संध्याकाळी सहाचा कॉल ठरला. चित्र हलतंय तोवर आई माझ्याशी व्यवस्थित बोलायची. चित्र थांबलं की ती बहिरी व्हायची. आमच्या दोघांत जे काही उरलं होतं ते सगळं त्या चित्रावर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच मी त्याच्यापायी एवढा चिडायचो.

आणि ते चित्र अडकायचं. कधी माझं तोंड अर्धं उघडं राहून थांबायचं आणि आई तिकडून ओरडायची, "आ वासून काय बसलास, बोल की!" कधी तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटायचा. कधी दहा मिनिटं गप्पा मारून झाल्यावर कळायचं की ती पहिल्या मिनिटालाच अडकली होती आणि मी एका जुन्या चेहऱ्याला पगारवाढीची कथा सांगत होतो.

पहिल्या महिन्यात चूक तिचीच निघाली. मी सुट्टीला गेलो तर राउटरवर स्टीलचं पातेलं पालथं घातलेलं. "पाल फिरते त्याच्यावरून," आई म्हणाली. मी पातेलं काढलं. पुढच्या खेपेला कळलं की दुपारी ती त्याचं बटण बंद करते, कारण ते तापतं आणि बिचाऱ्याला आराम लागतो. खंडेनवमीला तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि कुंकू वारा घ्यायच्या भोकांतून आत गेलं. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्यासारखंच चिडकं मशीन हाय ते." हे सगळं दुरुस्त झालं तरी चित्र अडकायचं थांबलं नाही.

मग मी कंपनीच्या मागे लागलो. तक्रार नोंदवायची, नंबर घ्यायचा, तो वर्गाच्या डायरीत तारखेपुढे लिहून ठेवायचा, ही मला सवयच लागली. त्या भागाची लाइन बघणारा माणूस पूर्वी गल्लीत केबल टाकायचा. वयानं माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा, दम्यानं बेजार, जिना चढला की पाच मिनिटं बोलत नसे. पण माणूस सरळ. त्यानं वायर बदलली, राउटर बदलला, खांबावरचा जोड बदलला. दर वेळी निघताना तो मला फोन करून एकच सांगायचा, "सर, लाइन एकदम क्लिअर हाय. माझ्याकडून काईच प्रॉब्लेम न्हाई."

"मग अडकतं कसं?"

"आता ते मी कसं सांगू, सर? मी आलो की चालून राहतंय."

हेही खरंच होतं. तो यायचा तेव्हा तक्रारीला तीन-चार दिवस झालेले असायचे आणि तोवर नेट आपोआप सुधारलेलं असायचं. मी त्याला कामचुकार म्हणालो, तोंडावर म्हणालो. त्यानं राग धरला नाही. दम्याच्या माणसाला रागही परवडत नसावा.

आता घर कसं आहे ते सांगायला हवं. पुढे रस्त्याला लागून बैठकीची खोली, तिथे टीव्हीच्या वर राउटर. मग एक अरुंद बोळ. बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की तीन पायऱ्या उतरून फरशीचं छोटं अंगण. आई फोन घेऊन बसायची ती स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खुर्चीत, फोन साखरेच्या डब्याला टेकवून. बैठकीत बस, तिथे नेट चांगलं आहे, असं मी शंभरदा सांगितलं. ती बसायची नाही, कारण तिचा आवाज. स्वतःचं बोलणं ऐकू येत नसल्यामुळे ती फार मोठ्यानं बोलायची. एकदा बैठकीतून ती मला तिच्या पोटाच्या तक्रारी सांगत होती, तर रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी आत डोकावून औषध सुचवलं. तेव्हापासून बैठक बंद झाली. आमच्या नांदेडच्या घरीही तिच्या आवाजानं सगळ्यांचं डोकं उठायचं. बायको म्हणायची, "तुमच्या आईला लातूरहून फोनची गरजच नाही, नुसतं गच्चीवर आलं तरी भागेल." त्यामुळे कॉल लागला की मी आधी माझ्या फोनचा आवाज अगदी तळाला न्यायचो. तेवढ्यातही ती नीट ऐकू यायची.

आणि बोळात होते ड्रम. निळे, छातीएवढे, भिंतीला चिकटून एकामागं एक पाच. लातूरला आगगाडीनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आईनं ते घेतले होते. त्या दिवसांत लोक घराबाहेरच्या टाक्यांना कुलपं लावायचे. आमच्या गल्लीत कुलूप लावलेल्या टाकीतूनही रात्रीत पाणी गेलं, तेव्हा आईनं ड्रम घरात घेतले, ते कायमचे. पुढे पाऊस झाला, धरण भरलं, नळ आठवड्यानं नाहीतर दहा दिवसांनी यायला लागला, पण ड्रम बोळातच राहिले. नळ आला की पाचही काठोकाठ भरायचे, वर झाकणं लावायची, झाकणांवर हात फिरवायचा. माणसाला अंग चोरून जावं लागायचं त्या बोळातून. मी कुरकुरलो की म्हणायची, "पाणी डोळ्यासमोर असलेलं बरं."

याच काळात एकदा कॉलवर, चित्र थोडं हलत असताना, ती म्हणाली, "पाणी आलं की तू अडकतोस बघ."

मी हसलो. तिला दिसेल असं, सगळे दात दाखवून हसलो. "पाण्याचा आणि नेटचा काय संबंध, आई?"

"ते मला काय ठाऊक? तू मास्तर हायस. मी आपलं दिसलं ते सांगितलं."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा चवीनं सांगितला. रसायनवाले सर म्हणाले, "आता आईंना सांगा, नळाला फायबर जोडून घ्या." सगळे हसले आणि त्यांच्यात मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. त्याच आठवड्यात मी बारावीला लहरींचं प्रकरण शिकवत होतो.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी लातूरला गेलो. सकाळी आईच्या खुर्चीत बसून फोनवर बघितलं, तर नेट झकास. बोळातले ड्रम जवळजवळ रिकामे होते, एकात फक्त तळाला पाणी. चहा होईतो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे माझं लक्ष गेलं. दुधाच्या खाडाखोडीशेजारी आईनं काही तारखांना गोल करून बारीक अक्षरात 'पाणी' लिहिलं होतं. मी पिशवीतून डायरी काढली आणि माझ्या तक्रारींच्या तारखा लावून बघितल्या. पाण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तक्रार. सगळीकडे तसंच. तीन महिने मागे गेलो, तसंच.

दुपारी बाराच्या सुमाराला नळ आला. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून हातानं तोटी फिरवल्यासारखी खूण केली. आईला नळाचा आवाज येत नसल्यामुळे त्या दोघींचं हे ठरलेलं होतं. आई पाइप घेऊन उठली. मी मदतीला गेलो नाही. मी तिच्या खुर्चीत बसून फोनच्या कोपऱ्यातल्या नेटच्या रेघांकडे बघत राहिलो. तिसरा ड्रम भरत आला तेव्हा एक रेघ गेली. चौथ्याला आणखी एक. पाचव्या ड्रमाचं झाकण लावून आई आत आली तेव्हा एकच उरली होती, तीही कधी असायची कधी नसायची.

राउटरच्या लहरी पाण्यात जिरतात. मायक्रोवेव्हमध्ये दूध तापतं ते त्यामुळेच. हे मी कितीदा तरी फळ्यावर लिहून दिलेलं आहे, आणि इकडे माझ्या आणि आईच्या मध्ये हजार लिटर पाण्याची भिंत उभी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझ्याइतकं कुणाला लागू पडणार? मी आईला पुढ्यात बसवून सावकाश ओठ हलवत सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि म्हणाली, "हाव, तेच म्हणत होते मी."

त्या फायबरवाल्याला फोन लावला. त्याची माफी मागितली नाही, सरळ कामाचं बोललो. राउटर बैठकीतून काढून स्वयंपाकघरात बसवायचा होता.

"होतंय की सर. पण वायर लागंल, आन् माझ्याकडं रोल संपलाय. पुढच्या सोमवारी येऊन करून देतो."

"पुढच्या? म्हणजे आठ दिवस?"

"आठच दिवस, सर. नक्की येतो."

तो नक्की म्हणतो आणि येत नाही, असं मी धरून चाललो. खरं तर तो कधी चुकला नव्हता, उशिरा आला होता इतकंच. पण एवढं मोठं कोडं सुटल्यावर आठ दिवस कोण थांबतो? निदान मी तरी थांबणाऱ्यांतला नाही. मी म्हणालो, ड्रमच हलवू. मागच्या अंगणात नेऊ.

आई बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. "ड्रम घरातच राहू दे. बाहेर पाणी ठेवू नये."

"आता कोण चोरतंय पाणी?"

"चोरायचं न्हाई रे. मला लागतं ते. सारखं खाली उतरू का?"

"तीन तर पायऱ्या आहेत."

"आठ दिवस थांब की. अडकलास तर अडकलास, मी काय पळून चालले?"

मी थांबलो नाही. भरलेला ड्रम हलत नाही, म्हणून एक ड्रम हंड्या-बादल्यांत रिकामा करून अंगणात नेला, आणि बाकीच्यांतलं पाणी पाइपनं सायफन करून एकेक करत खाली उतरवलं. पाइप तोंडानं ओढला, पाणी चढलं, आपोआप वाहायला लागलं. मला तेव्हा किती आनंद झाला होता ते आठवलं की आज लाज वाटते. आईला खूण करून दाखवत होतो, बघ, मोटर नाही, काही नाही, एक थेंब सांडला नाही. ती दारात उभी राहून बघत होती. जिंकलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नाही. अंधार पडायच्या आत पाचही ड्रम अंगणात भिंतीशी उभे राहिले आणि मी शेवटच्या बसनं नांदेडला आलो.

त्यानंतरच्या पाच संध्याकाळी चित्र एकदाही अडकलं नाही.

सोमवारी आई पहिल्यांदा म्हणाली, "किती पांढरी झाली रे तुझी दाढी!" इतके दिवस तिला ते दिसलंच नव्हतं. मंगळवारी तिनं मुरुडच्या बाजारातल्या एका चपलांच्या दुकानाची गोष्ट सांगितली. वडिलांनी तिथून तिच्यासाठी चपला आणल्या त्या दोन्ही एकाच पायाच्या निघाल्या आणि पुढच्या बाजारापर्यंत ती त्याच घालून शाळेत गेली. मी हसलो तर तीही हसली, एकाच वेळी, मध्ये काही न अडकता. बुधवारी, गुरुवारी असंच काहीबाही बोललो. शुक्रवारी तिनं विचारलं, "तुझं बरं चाललंय ना?" मी हो म्हणालो, तर म्हणाली, "तोंडावरून तसं वाटत न्हाई." कॉलेजात माझं एक भांडण चालू होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला सगळं सांगितलं. आईला शेवटचं असं काही मी केव्हा सांगितलं होतं ते आठवत नाही.

शनिवारी सहाला कॉल लागला. मी सवयीनं आवाज खाली नेला, पुढ्यात सराव परीक्षेचे पेपर घेतले. चार वाक्यं झाली असतील, आईनं मान वर करून खिडकीकडे बघितलं. "नळ आला," ती म्हणाली. या खेपेला तो सहाव्याच दिवशी आला होता. "थांब, आलेच." आणि ती उठून गेली.

मी पेपर तपासत बसलो. मधून मधून फोनकडे बघत होतो. खुर्ची, मागे फळीवरचे डबे, त्याच्या बाजूला कॅलेंडर. कॉल तोडायचा नाही हा आमचा नियम होता, कारण पुन्हा लावला तर तिला रिंग ऐकू येणार नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. चित्रात काहीच हलत नव्हतं. तेव्हा माझ्या मनात आलं की हे अडकलं. आई परत येऊन बसली असेल, तिला माझं थांबलेलं तोंड दिसत असेल, आणि मला तिची मघाची रिकामी खुर्ची दिसतेय. इतक्या महिन्यांची सवय होती, दुसरं काही सुचलंच नाही. मग माझं डोकं फिरलं. एवढे ड्रम हलवले ते काय यासाठी?

बायकोच्या फोनवरून मी फायबरवाल्याला फोन लावला. "पुन्हा अडकलंय."

तो त्याच्या दुकानात होता. थोड्या वेळानं म्हणाला, "न्हाई सर. बाईंची लाइन चालू हाय. डेटा जाऊन राहिला, मी इथं बघून राहिलो ना."

"मी काय आंधळा आहे का? चित्र हलत नाही."

"सर, माझ्याकडून तर सगळं ठीक दिसून राहिलंय."

मी त्याला वाटेल ते बोललो. तो ऐकत होता, त्याचा श्वास फोनवर वाजत होता. शेवटी म्हणाला, "सर, कुणाला तरी घरी बघून यायला सांगा ना." मला वाटलं, तो अंगावरचं काम झटकतोय. मी फोन ठेवला आणि आमच्या घरातला राउटर बंद करावा का, मग कॉल तुटेल का, याचा विचार करत बसलो. एक पेपरही तपासून टाकला.

मग फोनकडे बघितलं तेव्हा खुर्ची नीट दिसेना. डब्यांवरची अक्षरं दिसेनात. कॅलेंडर भिंतीत मिसळत चाललं होतं. तिकडे खिडकीबाहेर दिवस मावळत होता. चित्र अडकलं असतं तर त्यात अंधार कसा पडला असता? पाऊण तास मी आईचं रिकामं स्वयंपाकघर बघत होतो, लख्ख, अगदी न अडकता, आणि दिवेलागण झाली तरी तिथे कुणी दिवा लावला नव्हता.

बायकोच्याच फोनवरून मी शेजारच्या वहिनींना फोन लावला. त्या गेल्या. फोनच्या चित्रात दिवा लागला, वहिनी खुर्चीजवळून धावत मागच्या दाराकडे जाताना दिसल्या. मी घाईनं आवाज वर नेला. तेव्हा मला मागच्या अंगणातून आईचा आवाज ऐकू आला. तो आता मोठा राहिला नव्हता.

पाइप एका ड्रमातून दुसऱ्यात घालायला ती उतरली होती. मधल्या पायरीवर पाणी सांडलेलं होतं. ती पडली ती ड्रम आणि पायरीच्या मध्ये, खुबा मोडला. पाइप ड्रमातून निसटून तिच्या अंगाखाली वाहत राहिला. थंडीच्या दिवसात ती पाऊण तास त्या पाण्यात पडून होती.

दवाखान्यात वहिनी रडत होत्या. "बाई लई ओरडल्या म्हणं हो. आमची मोटर चालू होती, सगळ्या गल्लीच्याच मोटारी चालू होत्या, काईच कळलं न्हाई." मग त्यांनी डोळे पुसत, काही मनात न धरता विचारलं, "तुमचा फोन चालू होता न्हाई का? तुम्हाला ऐकू आलं न्हाई?"

मी म्हणालो, "नेट अडकलं होतं."

तेच मी बायकोला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. सांगून सांगून वाक्य गुळगुळीत झालं. खरं काय ते माहीत असलेला एकच माणूस होता. सोमवारी, बोलल्याप्रमाणे बोलल्या दिवशी, मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेलो असताना त्याचा फोन आला. "सर, वायर घेऊन आलोय, बाईंच्या घराला कुलूप हाय." मी त्याला झालेलं सांगितलं.  तो म्हणाला, "काळजी घ्या, सर." त्यानं दुसरं काहीही विचारलं नाही, आणि त्याचं ते न विचारणं माझ्या मनातून जात नाही.

महिन्याभरानं आईला नांदेडला आणलं. आता भिंती मोजायला येणार नाही म्हणायची सोय तिला राहिली नव्हती. मागच्या खोलीत तिची खाट टाकली. एकाच घरात, चार हातांवर, मध्ये ना बोळ ना ड्रम. आणि ती माझ्या तोंडाकडे बघेना. मी खोलीत गेलो की ती भिंतीकडे बघायची. जेवतेस का, गोळी घेतलीस का, दुखतंय का, मी बोलत राहायचो, आणि तिनं डोळे मिटले की सगळं संपायचं. त्यावर कुठे तक्रार नोंदवायची? बायको म्हणाली, वेळ द्या. मी दिला. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काय होतं?

एक दिवस बायकोला ती म्हणाली, "इथं पाणी कुठं ठेवता गं तुम्ही? दिसत न्हाई कुठं." नांदेडला आमच्या इमारतीत वर टाकी आहे, नळ सोडला की पाणी. बायकोनं तसं सांगितलं. आई म्हणाली, "हो का," आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

मी बाजारात जाऊन निळा ड्रम आणला. तिच्या खाटेजवळ, हात पोचेल असा ठेवला आणि बादलीनं भरायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या बादलीला तिनं मान वळवली. भरेपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं हात लांब करून ड्रमाच्या काठावर ठेवला आणि इतक्या दिवसांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"त्या दिवशी मी तुला लई हाका मारल्या," ती म्हणाली. "फोन तिथंच होता, दार उघडं होतं. म्हटलं, मला ऐकू येत न्हाई, त्याला तर येतंय." मग तिनं विचारलं, "अडकला होतास का रे?"

सगळं सांगून टाकायचं होतं. पाऊण तास मी तुझी खुर्ची बघत होतो, आई. फोनचा आवाज मीच खाली नेला होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला न कळत हात तोंडावर गेला.

"हात काढ तोंडावरचा," ती म्हणाली. "दिसंना गेलंय मला."

मी हात काढला. उजेड माझ्या तोंडावर होता, ती समोर होती, मध्ये काही नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "अडकलं होतं."

तिनं माझ्या ओठांकडे बघितलं. ओठ थांबल्यावरही ती बघत राहिली, वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराकडे बघावं तशी. मग तिनं ड्रमावरचा हात मागे घेतला.

"बरं," ती म्हणाली. "झाकण लाव त्याला."

मी झाकण लावलं.